पॉसिक्स शिकायला खिशातला मोबाईल पुरतो

वाशिम-यवतमाळकडच्या तालुक्याच्या कॉलेजात लॅबमधल्या सगळ्या मशिनवर बहुधा एकच उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असते. तिथे चाललेला प्रोग्राम सगळीकडे चालेल असे वाटणे साहजिक आहे, पण पोर्टेबिलिटी, म्हणजे तोच कोड वेगळ्या सिस्टीमवर चालतो का, हे तिथे तपासताच येत नाही.

फाइल वाचणे, प्रोसेस सुरू करणे, थ्रेड, शेल ही कामे सिस्टीमकडे कशी मागायची, हे पॉसिक्स हे मानक ठरवते. पहिले मानक १९८८चे. नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवले. हा करार सोर्स कोडपुरता आहे. लॅबमध्ये कंपाइल केलेली फाइल मोबाईलवर चालत नाही, तिथे पुन्हा कंपाइल करावी लागते.

तेच करा. अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनल अ‍ॅप घ्या आणि त्यात क्लँग हा सीचा कंपायलर टाका (डाउनलोड मोठे आहे, रेंज चांगली असेल तिथे बसा). उबुंटूची सी लायब्ररी ग्लिबसी, अँड्रॉइडची बायॉनिक. थ्रेड मध्येच थांबवणारे पीथ्रेड कॅन्सल हे फंक्शन बायॉनिकमध्ये नाहीच. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचा (/tmp) पत्ता कोडमध्ये पक्का लिहिला असेल तर फाइल उघडत नाही. तो टीएमपीडिर (TMPDIR) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती स्ट्रडपची (स्ट्रिंगची प्रत करून तिचा पत्ता देणारे फंक्शन) भानगड. कंपायलरला सी९९चे (सी भाषेचे १९९९चे मानक) बंधन घातले की ग्लिबसीच्या हेडरमधून स्ट्रडपची घोषणा लपते. जुना जीसीसी कंपायलर नुसती वॉर्निंग देतो आणि फंक्शन इंट परत करते असे धरतो. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो आणि प्रोग्राम भलत्याच ओळीवर कोसळतो. जीसीसी १४पासून ही सरळ एरर आहे. उपाय एका ओळीचा: 'पॉसिक्स सी सोर्स' (_POSIX_C_SOURCE) हा मॅक्रो 200809L या किमतीने डिफाइन करा, तोही पहिल्या इन्क्लूडच्या आधी. नंतर लिहिला तर उपयोग शून्य, कारण काय दाखवायचे ते हेडरने तोवर ठरवलेले असते.

फाइल वाचणाऱ्या रीड या फंक्शनकडे १०० बाइट मागितले आणि ४०च आले, तर ती चूक नाही. पाइपवर (एका प्रोग्रामचा आउटपुट दुसऱ्याला देताना) हे रोजचेच. म्हणून लूप लावा. शून्य आले तर फाइल संपली. उणे एक आले आणि एररनो (चुकीचा कोड ठेवणारे व्हेरिएबल) ईआयएनटीआर असेल, तर मध्ये सिग्नल आला होता, पुन्हा मागा.

शेल स्क्रिप्टमध्ये दुहेरी चौकटी कंस आणि अ‍ॅरे टाळा. ते बॅश या शेलचे आहेत, आणि उबुंटूत एसएच (/bin/sh) म्हणजे डॅश हा वेगळा शेल आहे. इकोऐवजी प्रिंटएफ वापरा. फाइल समोर असूनही 'नॉट फाउंड' येत असेल, तर स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली होती का ते आधी पाहा: पहिल्या ओळीच्या शेवटचा न दिसणारा कॅरेज रिटर्न शेलच्या नावाला चिकटतो आणि त्या नावाचा शेल सापडत नाही.