हन्नाचा झगा आणि आपली पोरं

चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते, म्हणून मंडळीतल्या आया विचारतात, "मावशी, पोरांना प्रार्थनेला बसवायचं कसं?" मी उलट विचारते, "तुम्ही बसता का?" तिथून पुढे बोलू.

बायबलमधल्या हन्नाला मूल नव्हतं. मुलगा झाला तर देवाला देईन, असा तिनं शिलोच्या मंदिरात केलेला नवस सगळ्यांना पाठ असतो. मी म्हणते, 1 शमुवेल 2:19 वाचा. नवसाप्रमाणे मंदिरात एली याजकाकडे ठेवलेल्या शमुवेलासाठी, आपल्या पोरासाठी, दर वर्षी ती लहानसा झगा करून न्यायची. टॉवेलच्या कडा शिवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे माझं लक्ष तिथंच जातं. पोरगं डोळ्यांसमोर नाही, वर्षात किती वाढलं ठाऊक नाही, तरी झगा अंगाला बसायला हवा. म्हणजे दर वर्षी नवं माप. प्रार्थनेचंही तसंच, पहिलीतली प्रार्थना सहावीत आखूड होते.

देवानं रात्री शमुवेलाला हाक मारली, ती गोष्ट लहान मुलांना नुसती सांगू नका, करायला लावा. जेवणं उरकली की चादर अंथरायची. मूल शमुवेल, आजोबा एली. आपण आतल्या खोलीतून हाक मारायची. पोरगं आजोबांकडे धावतं, "हा मी आलो!" आजोबा घोरत घोरत म्हणतात, "मी नाही बोलावलं, जा झोप." असं दोनदा. तिसऱ्यांदा आजोबा म्हणतात, "देव हाक मारतोय, आता त्यालाच उत्तर दे." चौथ्या हाकेला त्यानं जागेवरूनच म्हणायचं, "बोल, तुझा दास ऐकत आहे." वेगळं पाठांतर लागत नाही. आमच्याकडे आजोबांना खरंच डोळा लागतो आणि पोरं हसून लोळतात. हसू द्या. तोंड पाडून बसणं म्हणजे उपासना नव्हे.

जरा मोठ्या पोरांसाठी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 6:7. घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता बोला, असं तिथं म्हटलंय. स्कूटीवरून शाळेत सोडताना परीक्षेची भीती निघाली, तर तिथल्या तिथं दोन वाक्यांची प्रार्थना करा. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा पाळण्यात बसायला जरूर न्या, आणि "ते लोक देवळात का जातात?" विचारलं तर शेजाऱ्यांच्या भक्तीला नावं न ठेवता आपलं काय ते सांगा.

घरात एकटीच चर्चला जात असाल तर बायबलमधल्या तीमथ्याचं घर आठवा. बाप ग्रीक होता. विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. नवऱ्याशी भांडण काढू नका, आजीला कामाला लावा.

वयात आलेल्यांशी मात्र एलीसारखं वागू नका. पोरं हाताबाहेर गेल्यावर तो बोलला, पण त्यांना आवरलं नाही. चूक दिसली की त्याच आठवड्यात बोला, चारचौघांत नको. आणि दुसऱ्याच्या पोरांवरून टोमणे नकोत. खुद्द शमुवेलाची मुलं लाच खाणारी निघाली.

एक सांगून ठेवते. "याला पाळकच (चर्चचा धर्मगुरू) करणार" असा नवस आपल्या हौसेपायी पोराच्या गळ्यात बांधू नका.

बारावीनंतर पोरं पुण्याला होस्टेलवर जातात. मोशेची आई योखबेद, तिला तर मोशे दूध तुटेपर्यंतच मिळाला, पुढं तो राजवाड्यात गेला. तेव्हा हाताशी आहेत तोवर करून घ्या. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा पाठवाल, त्यात एका वचनाची चिठ्ठी ठेवा. मार्कांची चौकशी तीत नको, ती फोनवर होतेच.