पडद्याच्या ऑपरेशननंतरचा मोतीबिंदू: या चुका टाळा

डोळ्यातला व्हिट्रिअस, म्हणजे मागचा जेलीसारखा द्रव, काढून पडद्याचं ऑपरेशन केलं की पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतोच. तो काढता येतो, पण हे शेजारच्या काकांच्या मोतीबिंदूसारखं ऑपरेशन नव्हे.

सर्वांत घातक चूक म्हणजे आधीचं ऑपरेशन न सांगणं. ‘ते तर पडद्याचं होतं’ म्हणून जुनी फाइल घरीच राहते. डिस्चार्ज कार्ड शोधाच. पडदा जागेवर धरायला सिलिकॉन तेल भरलं होतं का, बकल (डोळ्याला बाहेरून बसवायचा पट्टा) बसवलं होतं का, डोळ्यातल्या मूळ भिंगाला अवजाराचा धक्का लागला होता का, हे त्यात असतं. भिंग ज्या पातळ पिशवीत असतं, तिला मागच्या बाजूने आधीच चीर असेल आणि डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे पाण्याच्या दाबाने भिंग सुटं केलं, तर ती फाटून मोतीबिंदू थेट पडद्यावर पडू शकतो. आधी कळलं तर ते ही पायरी टाळतात.

डोळ्यात सिलिकॉन तेल असेल तर भिंगाऐवजी बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर काढताना गफलत होते. सोनोग्राफीच्या लहरी व्हिट्रिअसमधून सेकंदाला सुमारे 1,532 मीटर जातात, तेलातून जेमतेम 980. मशीनमध्ये तेलाची नोंद केली नाही, तर डोळा खऱ्यापेक्षा लांब दिसतो, लेन्स कमी ताकदीची बसते आणि नंतर जाड प्लसचा चष्मा लागतो. शक्यतो प्रकाशाच्या मशीनवर, तेलाची सेटिंग लावून मोजून घ्या. सिलिकॉनची लेन्सही नको, तेल तिला चिकटतं. ॲक्रिलिकची घ्यावी.

महागडी मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स घ्यायची घाई करू नका. पडद्याचा मधला भाग दुखावलेला असेल तर तिचा फायदा तर नाहीच, उलट दिसणं आणखी फिकं होतं. आधी ओसीटी (पडद्याचं स्कॅन) करून पडदा किती साथ देईल ते विचारा. माझ्या मते अर्धी निराशा हा प्रश्न न विचारल्यामुळे होते.

‘नुसत्या भुलीच्या थेंबांवर करा’ असा हट्टही धरू नये. मागे जेलीचा आधार नसल्याने ऑपरेशनवेळी बाटलीतलं पाणी डोळ्यात जाताच भिंग आणि बुबुळ एकदम मागे ढकललं जातं, बाहुली फाकते आणि रुग्ण कळवळतो. डॉक्टर बाटली खाली घेतात, अवजाराने बुबुळाची कड अलगद उचलतात, पाणी मागे जातं आणि सगळं जागेवर येतं. अशा वेळी इंजेक्शनची भूल असलेली बरी.

दर दोन महिन्यांनी चष्मा बदलणं मात्र व्यर्थ आहे. मोतीबिंदू घट्ट होतो तसा मायनस नंबर वाढत जातो.

ऑपरेशननंतर थेंब स्वतःहून बंद करू नका, पडद्याला सूज येऊ शकते. काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर बहुधा लेन्समागची पिशवी गढूळ झालेली असते, ती लेझरने साफ होते. पण विजेसारखे लखलखाट, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा एका बाजूने सरकणारी सावली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.