तुळजापूर-सोलापूर धावताना अंगठ्याचं नख काळं पडायचं, ते असं थांबलं

घाटाचा उतार लागला की पाय बुटात पुढे सरकायचा, अंगठा टोकावर आपटायचा आणि तामलवाडीपर्यंत नख ठणकायला लागायचं. जाड मोजे, मोठा नंबर, चिकटपट्टी सगळं झालं. दोन नखं गेली, वैताग आला.

शेवटी सोबतच्या काकांनी रस्त्याकडेला बसवून बुटाची नाडी कशी बांधायची ते दाखवलं. आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची. सगळ्यात वरचं, एरवी रिकामं राहणारं भोक असतं ना, त्यात त्याच बाजूची नाडी बाहेरून आत घालून छोटा फास ठेवायचा. दुसरीकडेही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवायचं, खाली ओढायचं, गाठ. बोटांजवळची नाडी मात्र सैलच. मी आधी तीच आवळत होतो!

रविवारी सोलापुरात रूपाभवानीच्या देवळापाशी मोजा काढला. नख गुलाबी.