आधी प्रोग्रॅम बदला, ऑपरेटिंग सिस्टिम नंतर

तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो) वापरायचे ठरवले की त्याला बहुधा पहिला सल्ला मिळतो तो विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा. माझ्या मते ते सर्वांत शेवटचे काम आहे. फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेल), व्हीएलसी (चित्रफिती व गाणी) आणि लिब्रेऑफिस (लेखन व हिशेब) हे सगळे मुक्त स्रोत प्रोग्रॅम विंडोजवरही चालतात. म्हणून जुने प्रोग्रॅम न काढता त्यांच्या शेजारी हे बसवावेत आणि रोजची कामे हळूहळू त्यांच्यावर आणावीत. मात्र ते त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत, कारण शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरातीचा असतो.

खरी अडचण येते ती फाइलींची. लिब्रेऑफिस वर्डच्या फाइली उघडते, पण कधी कधी ओळी सरकतात आणि पाने वाढतात. याचे नेहमीचे कारण म्हणजे मूळ फाँट संगणकावर नसणे. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो हा फाँट असेल तर अक्षरांची रुंदी तीच राहते आणि मांडणी फारशी बिघडत नाही. एक्सेलमधील मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) मात्र जसेच्या तसे चालतीलच असे नाही, त्यामुळे हिशेबाच्या महत्त्वाच्या फाइली आधी तपासून घ्याव्यात. स्वतःचे लेखन ओडीटी या लिब्रेऑफिसच्या मूळ स्वरूपात जतन करावे. ज्या ओडीएफ या खुल्या दस्तऐवज मानकाचा ते भाग आहे, त्याला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दुसऱ्याला केवळ वाचायला द्यायचे असेल तर पीडीएफ आणि दुरुस्त करायला द्यायचे असेल तर वर्डचे डॉकएक्स (.docx) स्वरूप सोयीचे पडते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. असे जुने दस्तऐवज, मूळ प्रोग्रॅम हाताशी असतानाच, युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावेत.

एवढे अंगवळणी पडले की लिनक्सचा विचार करावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सुरक्षा अद्यतने वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे. नवख्यांना मी लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती सुचवेन, कारण त्याची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला ओळखीची वाटते. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते संगणक सुरू करता येईल अशा रीतीने लिहून, त्यावरील जुना मजकूर पुसला जातो हे ध्यानात ठेवून, संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि कॅमेरा चालतात की नाही, हे असे पाहता येते. या अवस्थेत संगणक थोडा संथ वाटतो. तो दोष लिनक्सचा नसून पेन ड्राइव्हच्या वेगाचा असतो.

प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी आणि बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणारी सोय) सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर लिहून ठेवावी. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला तर विंडोज आणि फाइली दोन्ही जातात. एखादा अत्यावश्यक प्रोग्रॅम लिनक्सवर मिळतच नसेल, तर दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवण्याचा पर्याय घ्यावा आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडावी.