रेडिओ टकटक करतो? सेट खोलायच्या आधी या चुका टाळा

जागलीवर, म्हणजे रात्री पीक राखायला, जाताना रेडिओ लागतोच, अन् नेमका वावरातच तो टक... टक... करत बसतो, मग लोक म्हणतात सेट गेला. भाऊ, सेट नाही गेला, आधी कुंपण पाहा.

नागपूर आकाशवाणी मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागते, म्हणजे तिची लहर सेकंदाला ५ लाख ८५ हजार वेळा वरखाली होते. मीडियम वेव्हवर बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे या लहरीची उंची कमीजास्त करतात, अन् आपला रेडिओ ती उंची पाहूनच आवाज परत काढतो. आता रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडते, तार गवताला टेकली किंवा इन्सुलेटर फुटला की तिथं ठिणगी पडते, आणि ठिणगीतून रेडिओ लहर निघतेच, हर्ट्झनं १८८७ च्या आसपास अशाच ठिणगीनं ती काढून दाखवली होती. रेडिओ बिचारा तिलाही आवाजच समजतो. तर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी रेडिओचा काटा ठेवा अन् कुंपणाच्या कडेकडेनं चाला, टकटक जिथं जोरात होईल तिथंच तार गळते आहे. गवत कापायच्या आधी मशीन बंद करा हे सांगायला नको. (कुंपणात विजेची डायरेक्ट लाइन सोडणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही, तो गुन्हा आहे अन् माणसं मरतात.)

घरात सतत घूं घूं येत असेल तर स्वस्तातला एलईडी बल्ब नाहीतर मोबाइलचा चार्जर काढून पाहा.

दुसरी चूक म्हणजे मीडियम वेव्हसाठी वरची दांडी ओढत बसणं. ती एफएमसाठी असते, मीडियम वेव्ह पकडते आतली तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी, म्हणून दांडी सोडा अन् अख्खा सेटच हळूहळू फिरवा, कांडीचं टोक नागपूरकडे झालं की आवाज पडतो, नागपूरच्या दिशेला आडवी झाली की खुलतो.

एफएममध्ये लहरीची उंची बदलत नाहीत, सेकंदाला किती वेळा हलायचं तेच बदलतात, म्हणून खरखर कमी. पण ही लहर टेकडीमागं फारशी वळत नाही अन् टिनाच्या घरात नीट शिरत नाही. अंगणात या, दांडी पाऊण मीटर ओढा.

आणि रात्री मीडियम वेव्हवर दूरदूरची स्टेशनं एकात एक येऊन राहिली तर घाबरू नका, अंधार पडला की या लहरी आभाळातल्या फार वरच्या थरावरून परत खाली येतात, त्याला मेकॅनिक काही करू शकत नाही.