क्रोम रॉड वाटेतच खराब होतात? पॅकिंगमधल्या या चुका टाळा

क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी रॉड खोक्यातून निघाला, झळझळीत दिसला, पावतीवर सही झाली, गाडी गेली. दोन तासांनी जोडणीच्या टेबलावर तेल पुसताना कोणीतरी सहज नख फिरवलं आणि ते एका जागी अडकलं. मग फोनाफोनी. पाठवणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडून ओके गेला होता." बहुतेक वेळा ते खरंही असतं. रॉड बिघडतो तो पॅकिंगच्या टेबलापासून पुढे, आणि त्यामागे नेहमीच्याच चार-पाच चुका असतात.

"हार्ड क्रोम आहे, त्याला काय होतंय?"

ही पहिली चूक, बाकीच्या तिच्यातूनच निघतात. हार्ड क्रोम म्हणजे रॉडवरचा क्रोमचा कठीण मुलामा. त्याची कठीणता साधारण ८५० ते १,००० विकर्स (कठीणता मोजायचं एकक) असते, म्हणजे कानस चालत नाही इतकी. पण बहुतेक पिस्टन रॉडवर (हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये पुढे-मागे सरकणारा दांडा) हा थर असतो फक्त २० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढा, आणि त्याखालचं सी४५ पोलाद त्याच्या मानाने चार-पाच पट मऊ. गादीवर काच अंथरावी तसा प्रकार आहे. रॉडच्या अंगावर दुसऱ्या रॉडची कड आपटली की क्रोम झिजत नाही, खालचं पोलाद दबतं आणि वरचा थर तडकतो. इंडक्शन हार्डनिंग केलेला, म्हणजे पोलादाचा वरचा भाग विजेने तापवून कडक केलेला रॉड असे ठोके बराच सोसतो, पण ओरखडा आणि गंज यांच्यापुढे तोही इतरांसारखाच.

उघड्या रॉडची मोळी

दहा रॉड एकत्र बांधून वरून एकदाच प्लास्टिक गुंडाळलं की पॅकिंग नीटनेटकं दिसतं. आत मात्र क्रोमवर क्रोम घासत असतं. गाडीच्या थरथरीने हजारो वेळा तेच दोन बिंदू एकमेकांवर घासतात, मध्ये ग्राइंडिंगची धूळ सापडली तर विचारूच नका. प्रत्येक रॉडला स्वतंत्र कवच हवं: पुठ्ठ्याची नळी किंवा प्लास्टिकची जाळी. जाळी घालताना एक बघा, ती ओढताना एका बाजूला गोळा होते आणि नेमकी पट्टीखालची जागा उघडी पडते.

नळी फार सैल घेणं हीसुद्धा चूकच. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे मीटरमागे वजनाचं सूत्र लावून बघा: ५० मिमीचा रॉड मीटरला सुमारे १५.४ किलो भरतो, म्हणजे तीन मीटरचा रॉड ४६ किलो. गाडीने जोरात ब्रेक मारला की एवढं वजन नळीतून घसरत येतं आणि टोकाची प्लास्टिकची टोपी फोडून बाहेर पडतं. टोपीच्या आत लाकडाचा किंवा जाड पुठ्ठ्याचा ठोकळा बसवून रॉडची मागे-पुढे होणारी हालचाल बंद करा. टोकाला आटे असतील तर त्यांना वेगळी टोपी.

बांधायला तार किंवा लोखंडी पट्टी वापरू नका. पॉलिएस्टरची पट्टी घ्या, तिच्याखाली फोमचा तुकडा द्या.

एक किस्सा सांगतो. एका खेपेतल्या सगळ्या रॉडवर, टोकापासून जवळपास सारख्याच अंतरावर, लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ. मशीनवर संशय घेतला, ग्राइंडिंगवाल्याला बोलणी बसली. शेवटी एक रिकामी नळी उभी चिरून बघितली, तर लेबलाची पिशवी नळीला स्टेपलरने ठोकलेली आणि पिनेची दोन टोकं आत डोकावत होती. रॉड नळीतून ओढला की रेघ पडणारच! तेव्हापासून आमच्याकडे नळीवर लेबल फक्त चिकटवायचं.

पाणी बाहेरूनच येतं असं नाही

क्रोमचा थर सलग दिसतो, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगांचं जाळं असतं. त्यातून ओल आणि मीठ पोलादापर्यंत पोचतं आणि वर लालसर ठिपके उगवतात. म्हणून "क्रोम आहे, गंजणार नाही" हे वाक्य समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला तर अजिबात लागू नाही.

घामट हातांनी रॉड हाताळणं, कूलंटचा (मशीनवर गारव्यासाठी सोडलेल्या पाण्याचा) ओलसरपणा न पुसता प्लास्टिकमध्ये बंद करणं, गारठलेला रॉड दमट हवेत लगेच गुंडाळणं, या तिन्हींत पाणी आपणच आत कोंडतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २६ अंशांच्या खाली असलेल्या धातूवर दव धरतं. रॉडला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कोरडा पुसा, गंजरोधक तेलाचा पातळ हात फिरवा, मगच गुंडाळा. माल उतरवून घेणाऱ्यानेही गार पॅक घाईने फोडू नये.

साधा पुठ्ठा ओल शोषतो आणि ती रॉडला चिकटवून ठेवतो. त्यामुळे पुठ्ठ्याच्या नळीत रॉड नुसता सोडू नका, आधी व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणारी) फिल्म किंवा कागद गुंडाळा. ही वाफ बंद जागेतच टिकते. दोन्ही टोकं उघडी ठेवून गुंडाळलेली व्हीसीआय फिल्म म्हणजे महागडं प्लास्टिक, बस्स. लांबच्या प्रवासात शोषक पुड्या टाकायच्या असतील तर त्याही बंद आवरणाच्या आत टाका. बाहेर ठेवलेली पुडी साऱ्या कंटेनरची हवा सुकवत बसते.

लाकडी पेटीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. आयएसपीएम १५ चा (पॅकिंगच्या लाकडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का असलेलं लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असू शकतं, पण ते कीड मारण्यासाठी. लाकूड कोरडं असल्याची ती हमी नव्हे. ओलं लाकूड बंद पेटीत पाणी सोडतं आणि त्यातून आम्लाची वाफही निघते, म्हणून रॉड आणि लाकूड यांच्यामध्ये काहीतरी हवंच. पॉलिइथिलीन फोम चांगला, नमदा नको, तो पाणी पितो.

लांब रॉडचा झोल

२५ मिमी व्यासाचा ६ मीटर रॉड फक्त दोन टोकांवर टेकवा. स्वतःच्या वजनाने तो मध्ये सुमारे १६ सेंटिमीटर खाली येतो. लांबी दुप्पट केली की हा झोल सोळापट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. सपाट जागेवर ठेवला की तो परत सरळ होईल, पण खड्ड्यात मोठा झटका बसला तर काही बाक कायमचा राहतो. दर मीटर-दीड मीटरला आधार द्या, आणि सगळे आधार एका पातळीत ठेवा. मधला एक उंच झाला तर सगळा भार त्याच्यावरच.

उचलतानाही मध्यावर एकच पट्टा टाकायची सवय सोडा. टोकांपासून साधारण पाव-पाव लांबीवर दोन कापडी पट्टे. साखळी नाही, आकडा नाही, फोर्कलिफ्टचं उघडं पातं नाही.

खुणा काय सांगतात

नुकसान दिसलं तर भांडण्याआधी खूण वाचा. लांबीच्या दिशेने सरळ रेघ असेल तर रॉड कशातून तरी ओढला गेलाय. ठरावीक अंतरावर मळकट पट्टे दिसले तर तिथे आधार होते आणि थरथरीने घासलंय. चंद्रकोरीसारखी खोक म्हणजे दुसऱ्या रॉडचं टोक लागलंय. विखुरलेले तांबूस ठिपके म्हणजे ओल. रॉड बाहेरून ठीक दिसूनही मशीनमध्ये अडकत असेल तर दोन व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) ठेवून डायल (काट्याचं मोजमापयंत्र) लावा आणि फिरवून बाक मोजा.

वरवरचा डाग तेल आणि मऊ कापडाने जातो का ते आधी बघा. मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) आम्लाचा गंजनाशक चुकूनही लावू नका, ते क्रोमच विरघळवतं. खोकेची उठलेली कड बारीक तेलदगडाने हलकेच, रॉडच्या घेराच्या दिशेने उतरवता येते. खड्डा मात्र तसाच राहतो, आणि तो सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या) वाटेत असेल तर रॉड बदललेला बरा. लांबीच्या दिशेची रेघ घेराच्या दिशेच्या रेघेपेक्षा जास्त त्रासदायक, तेल तिच्यातून सरळ बाहेर वाट काढतं.

सही करण्याआधी फोटो काढा: आधी बंद पॅकचा, मग टोपीचा, मग तिरप्या उजेडात खुणेचा. फाटलेली नळी किंवा फुटलेली टोपी दिसली तर पावतीवरच तसं लिहा. तक्रार मिटेपर्यंत पॅकिंग फेकू नका. आमची ती स्टेपलरची पिन नळी जपून ठेवली होती म्हणूनच सापडली.