हाताचं ऑपरेशन: ब्लॉक की पूर्ण भूल? या चुका टाळा

आईच्या डाव्या मनगटात प्लेट बसवली ती ब्लॉक देऊन, म्हणजे इंजेक्शनने फक्त हात बधिर करून. दुपारी वॉर्डात आली तेव्हा तिला काहीच दुखत नव्हतं. "हा हात माझा वाटतच नाही गं," असं म्हणत तिने तो उजव्या हाताने उचलून उशीवर ठेवला. दुखत नाही तर गोळी कशाला, म्हणून संध्याकाळची गोळी मी दिलीच नाही. रात्री दोनला ब्लॉक उतरला आणि पहाटेपर्यंत ती कण्हत होती.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ब्लॉकमध्ये मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याभोवती, मानेपाशी, गळपट्टीच्या हाडाजवळ किंवा काखेत औषध सोडतात. लिग्नोकेनचा असर थोडेच तास राहतो, ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेनचा बहुधा 8 ते 16 तास. उतरताना मात्र ठणका एकदम येतो. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी हात बधिर असतानाच, ठरल्या वेळी द्यायची.

दुसरी चूक सकाळच्या चहाची. "फक्त हातच तर बधिर करणार आहेत!" पण कधी ब्लॉक पुरेसा लागत नाही आणि ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते. तेव्हा पोटात अन्न असलं तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. साधारण नियम असा: हलकं जेवण आणि दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी. दुधाचा चहा दुधातच मोजायचा. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

पूर्ण भूल म्हणजे धोका आणि ब्लॉक म्हणजे अर्धवट काम, हे दोन्ही समज सोडा. ब्लॉकने पहिल्या दिवसाचं दुखणं आणि मळमळ कमी राहते. लहान मुलं, खूप घाबरणारी माणसं, किंवा कमरेच्या हाडाचा तुकडाही काढून हातात बसवायचा असेल, अशा वेळी पूर्ण भूल सोयीची पडते. कधी दोन्ही एकत्र देतात. ब्लॉकमध्ये ड्रिलचा आवाज ऐकू येईल याची भीती वाटत असेल तर आधी बोला, गुंगीचं औषध देता येतं.

भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, जिना चढताना धाप लागते का, मधुमेहामुळे बोटं आधीच बधिर आहेत का, हे सगळं सांगा. मानेपाशी दिलेल्या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, काही तास ढिला पडतो. फुप्फुसं कमजोर असतील तर ब्लॉकची जागा बदलावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका.

घरी आल्यावर बधिर हात झोळीतच ठेवा. गरम पाण्याची पिशवी आणि गॅस यांपासून लांब, कारण भाजलेलं कळत नाही. त्या बाजूची पापणी थोडी खाली आली किंवा आवाज बसला तर बहुधा ब्लॉकसोबत तेही उतरतं. पण धाप लागली, बोटं निळी-गार पडली, प्लास्टर करकचून वाटू लागलं, किंवा बोटं सरळ करताना गोळी घेऊनही कळ वाढत गेली, तर सकाळची वाट बघू नका. ब्लॉकमुळे सुजेने हातात वाढणारा दाब सुरुवातीला जाणवतही नाही, म्हणून रात्रीतून दोनदा तरी बोटांचा रंग बघा. सांगितलेल्या वेळेनंतरही हात बधिरच राहिला तरी कळवा.

आणि डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी पेनाने लिहून घ्या: कोणतं औषध दिलं, असर साधारण किती वाजता उतरेल, आणि रात्री फोन कुणाला करायचा.